तारखेत न बसलेली पंचमी

इंदिरानगरच्या पलीकडे तेव्हा वस्ती विरळ होती. प्लॉट पाडलेले होते, हद्दीचे दगड रोवलेले होते, आणि मध्येच कोबीचा किंवा शेवंतीचा एखादा तुकडा तग धरून होता. त्या भागात कर्णबधिर मुलींची एक निवासी शाळा होती. नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका दैनिकात काम करत होतो. शाळेचे सरकारी अनुदान रखडल्याची बातमी करायला मी तिथे गेलो. बातमी आतल्या पानावर दोन कॉलमांत आली. अनुदान त्यानंतरही लवकर आले नाही, पण मुख्याध्यापिकाबाईंनी संस्थेचा वार्षिक अहवाल लिहून देण्याचे काम माझ्या गळ्यात टाकले आणि ते पुढे बरीच वर्षे माझ्याकडे राहिले.

अनुदान रखडले तरी मुली दोन वेळा जेवत होत्या, याचे कारण तिथीची जेवणे. कोणाच्या वडिलांचे श्राद्ध, कोणाच्या आजीची पुण्यतिथी, कोणाच्या घरातला नवस. त्या दिवशी ते कुटुंब मुलींना गोड जेवण देई. ऑफिसच्या भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर असे. दर जानेवारीत बाई जुने कॅलेंडर मांडीवर आणि नवे टेबलावर घेऊन बसत आणि प्रत्येक तिथीच्या चौकोनात लाल शाईने नावे उतरवून काढत. जुन्या नाशकातले एक मुस्लिम कुटुंब वडिलांच्या बरसीला जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, घेऊन येई. त्यांचा दिवस चांद्र हिशेबाने सरकत असे. बाई तोही विचारून लिहून ठेवत.

नियम एकच होता. जो जेवण देईल त्याने स्वतः वाढायचे. पैसे देऊन निघून जाणारा माणूस बाईंना चालत नसे. त्यामुळे मुली देणगीदारांना चेहऱ्याने ओळखत आणि प्रत्येकाला त्यांनी एक खूण दिलेली होती. देवळाली कॅम्पातले निवृत्त सुभेदार म्हणजे ओठावर पिळलेली मिशी. मेन रोडचे कापडवाले म्हणजे नाकापासून हाताच्या बोटांपर्यंत ताणलेले कापड. अहवालात मी त्यांची पूर्ण नावे छापत असे; भोजनगृहात त्या नावांचा कोणालाच उपयोग नव्हता.

वर्गात मात्र खुणांना बंदी होती. मुलींनी ओठ वाचावेत, गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर ओळखावी आणि बोलावे, असा त्या काळचा शिरस्ता होता. भोजनगृहात कोणी अडवत नसे. तिथे हात मोकळे सुटत.

वणीच्या रस्त्यावरच्या एका गावातले जोडपे दर वर्षी कार्तिक वद्य पंचमीला येई. झेंडू आणि भाजीपाला करणारी ही माणसे. त्यांची मुलगी या शाळेत होती. चौथीत असताना दिवाळीच्या सुटीत घरी गेली, कावीळ झाली आणि ती परत आली नाही. तिच्या तिथीला आईवडील एसटीने वांगी, कोथिंबीर आणि बाजरीचे पीठ घेऊन येत. आई शाळेच्या स्वयंपाकघरात भाकरी थापे, लापशी करी आणि पंगतीत वाढे. रोख देणगी त्यांनी कधी दिली नाही.

या आईला खुणा येत होत्या. मुलगी लहान असताना दोघींनी मिळून घरीच त्या तयार केल्या होत्या. झेंडूची खूण अशी, की पाचही बोटांची टोके जुळवायची आणि सावकाश उघडायची. मुलीने ती वसतिगृहात आणली आणि पुढे सगळ्या फुलांसाठी तीच रूढ झाली. मुलगी गेल्यावर गावात ही भाषा जाणणारे दुसरे कोणी उरले नाही. तिने बाईंना एकदा सांगितले होते, "बाई, घरी आता हात गप झाल्यात. जाऊ म्हनती, भिताडासंगं बोलती का? मंग नाय हालवत मी."

पंचमीला ते हात सुटत. मी तीन वेळा ती पंगत पाहिली आहे. मुलीच्या वर्गातल्या तिघी तिच्या भोवती असत. काय बोलणे चालले आहे ते बाई मला समजावत. एकजण म्हणे, भाकरी ताटापेक्षा मोठी झाली. ती उलट खुणेने सांगे, तुझे गाल बघ आधी, भाकरीएवढे झालेत. पंगत हसे, आणि त्या हसण्याला आवाज फार थोडा असे. हनुवटीला बोट लावून थोडे फिरवायचे ही मेलेल्या मुलीची खूण होती. ती पुन्हा पुन्हा येई. तिने कोणाची वेणी कशी बांधली होती, कुठल्या बाईंची नक्कल केली होती, हे तिघी सांगत आणि आई पाहत राही. नवरा दाराशी उभा असे. त्याला खुणा येत नव्हत्या.

"काय सांगू साहेब," तो मला म्हणाला होता, "घरी दिसभर दोन शब्द नाय बोलत. हितं आली का हिचा रेडू चालू व्हतो. बरं हाय, आवाज नाय त्याला."

"आवाज असता तर तुमी पळाले असते," ती मागून म्हणाली. त्याला वाटले होते ती ऐकू येणार नाही एवढ्या लांब आहे.

दोन हजार सालानंतर परिस्थिती बदलली. तिथीवाली जुनी माणसे एकेक करून कमी झाली. त्यांची मुले पुण्याला किंवा परदेशात होती. वसतिगृहाचे छत गळत होते, न्हाणीघरांना दारे नव्हती आणि श्रवणयंत्रे जुनी झाली होती. नाशिकमध्ये शिकून अमेरिकेत गेलेल्या एका इंजिनियरची भाची शाळेत होती. सुटीत आला तेव्हा त्याने कार्यकारिणीसमोर एक प्रस्ताव ठेवला. शाळेची वेबसाइट करायची. तिच्यावर एक कॅलेंडर असेल. मोकळा दिवस हिरवा दिसेल, दिलेला दिवस लाल. जगातल्या कोणत्याही माणसाने हिरव्या दिवसावर क्लिक करावे, क्रेडिट कार्डाने पैसे भरावेत, म्हणजे त्या दिवसाचे जेवण त्याचे. सोबत एक प्रोग्राम होता, त्यात प्रत्येक देणगीदाराची नोंद राहील. त्याला वेळेवर आठवणीचे पत्र जाईल, आभाराची ईमेल जाईल, आणि कोण सक्रिय आहे, कोण थंडावला आहे, हे प्रोग्राम आपणच सांगेल.

कार्यकारिणीतल्या एका वयस्कर सदस्याने विचारले, "आणि वाढणार कोण?"

"काका, न्यू जर्सीहून माणूस वाढायला कसा येईल? केटरर देईल ना. आपण त्यांना फोटो पाठवू."

"म्हणजे जेवण इकडं आणि पुण्य तिकडं."

"पुण्य ट्रान्सफर होतं, काका. चार्ज लागत नाही."

सगळे हसले, बाईही हसल्या. निर्णय त्यांचाच होता आणि तो चुकीचा होता असे मला तेव्हा वाटले नाही, आजही पूर्णपणे वाटत नाही. परदेशातून पैसे घ्यायची सरकारी परवानगी मिळवण्यात बराच काळ गेला. वेबसाइटचा मजकूर मी लिहिला. पुढच्या दोन पावसाळ्यांत छत झाले, न्हाणीघरांना दारे लागली, नवी श्रवणयंत्रे आली. हे सगळे त्या हिरव्या चौकोनांतून आले.

जुन्या देणगीदारांच्या नोंदी प्रोग्राममध्ये भरायचे काम ऑफिसात नव्याने लागलेल्या मॅडमकडे होते. वाणिज्य शाखेची पदवीधर, कामाला चोख. भिंतीवरचे कॅलेंडर शेजारी ठेवून तिने एकेक नाव भरले. दोन ठिकाणी ती अडली. प्रोग्रामला तिथी कळत नव्हती, त्याला तारीख हवी होती. म्हणून त्या वर्षी जी तिथी ज्या तारखेला आली होती ती तारीख तिने लिहिली. आणि वणीच्या रस्त्यावरच्या जोडप्यापुढे रक्कम काय लिहायची हे तिला कळेना. शून्य लिहिले तर नोंद जतन होईना, म्हणून तिने एक रुपया लिहिला.

तिथ्या सरकतात हे बाईंना अर्थातच माहीत होते. "पुढच्या वर्षीच्या तारखा नंतर बदलून घेऊ," असे त्या म्हणाल्या होत्या. मग परवानगीची फाइल, मुंबईच्या फेऱ्या आणि छताचे काम यांत ते मागे पडले. जानेवारीत पंचांगाचे कॅलेंडर आले नाही. त्याऐवजी इंजिनियरने छापून घेतलेले, मुलींचे फोटो असलेले कॅलेंडर लागले. त्या वर्षी अधिक महिना होता. कार्तिकातली पंचमी आदल्या वर्षीपेक्षा पंधरवड्याहून जास्त पुढे गेली.

प्रोग्रामने आपले काम केले. जुन्या तारखेच्या आधी जोडप्याला आठवणीचे पत्र गेले. नवऱ्याने ते वाचून दाखवले तेव्हा बायको म्हणाली, शाळेनं महिना चुकवला. ते त्या तारखेला आले नाहीत. प्रोग्रामने त्यांना थंडावलेल्यांत टाकले. खऱ्या पंचमीच्या तारखेवर त्यांचे नाव कधी नव्हतेच, तिथला चौकोन हिरवा होता. कोणा परदेशस्थ कुटुंबाने त्यावर मुलाच्या वाढदिवसाचे जेवण घेतले.

त्या वर्षी मुलीच्या वर्गातल्या तिघी दहावीला होत्या. परीक्षा झाली की त्या आपापल्या गावी जाणार होत्या, एक सुरगाण्याकडे, एक मालेगावला, एक सटाण्याजवळ. आईला हे ठाऊक होते. आदल्या वर्षी निघताना तिने बाईंना विचारून घेतले होते की अजून एक वर्ष आहेत ना या, आणि बाईंनी हो म्हटले होते.

पंचमीच्या दिवशी अहवालाची प्रुफे घेऊन मी ऑफिसात होतो. बाई मुंबईला गेल्या होत्या. जोडपे आले, नवऱ्याच्या डोक्यावर गोणी, तिच्या कडेला पिठाचा डबा. स्वयंपाकघराला कुलूप होते. केटररच्या दिवशी स्वयंपाकीणबाईंना सुटी असे.

मॅडमने पडद्यावर पाहिले. "काकू, तुमची तारीख होऊन गेली."

"तारीख कसली? पंचमी आज हाय."

"नाही, म्हणजे सिस्टिममध्ये तुमचा दिवस मागेच होता. पत्र पाठवलं होतं आम्ही."

"पत्र आलं, पन ते आश्विनातलं व्हतं. पोरगी काय आश्विनात गेली का आमची?"

मॅडम गोंधळली. ती उद्धट नव्हती. उठून तिने खुर्ची पुढे केली, पाणी आणले. "असं करा ना काकू, पुढचा रविवार मोकळा आहे. तुमच्या नावाने टाकते."

"पुढल्या रविवारी पंचमी कशी येईल गं बाई? तुझ्या मशिनीला सांग, चंद्राला इचार म्हनावं."

नवरा हसला. तीही थोडी हसली. तोवर तिला वाटत होते की कोणीतरी किल्ली आणेल.

मी मॅडमला म्हटले, संध्याकाळचे जेवण यांना करू द्या. ती तयार झाली. पण नवऱ्याने मान हलवली. "संध्याकाळ नाय जमत साहेब. म्हशी कोन पिळल? अन् पहाटं फुलं तोडायची, उद्या वनीला माल द्यायचा हाय."

"मंग जेवान राहू द्या," बायको म्हणाली. "पोरी दाखवा. बोलून जाते."

मुली मैदानावर होत्या. वाढदिवसाचा फोटो चालला होता. देणगीदार कुटुंबाला तो त्याच दिवशी ईमेलने हवा होता. प्रत्येक मुलीच्या हातात पुठ्ठ्याचे एक इंग्रजी अक्षर होते, सगळी मिळून आभार आणि त्या मुलाचे नाव होत होते. फोटोग्राफरच्या ओरडण्याचा उपयोग नव्हता, म्हणून एक शिक्षिका कॅमेऱ्यामागे उभी राहून मुलींना खुणावत होती की हात हलवू नका. हात हलला की अक्षर पुसट येई.

आई नळाच्या कट्ट्याजवळ उभी राहिली. तिने बोटांची टोके जुळवून उघडली. तिघींनी तिला पाहिले. त्यांचे चेहरे उजळलेले मला दिसले. सटाण्याच्या मुलीने आपले अक्षर गुडघ्यांत धरले आणि हात वर केला. शिक्षिकेने तिला दटावले, तिने पुन्हा पुठ्ठा धरला. फोटो झाला, पण एक मुलगी मान वळवून बघत होती. दुसरा काढला, त्यात ऊन डोळ्यांवर आले. मग रांगा फिरवल्या. मग एक अक्षर उलटे धरलेले निघाले. त्या शिक्षिकेला ही बाई कोण हे माहीत नव्हते, ती त्याच जूनमध्ये रुजू झाली होती.

"पाचच मिनिटं," मॅडम दोनदा येऊन म्हणाली.

सीबीएस स्टँडवरून सुटणारी त्यांच्या गावाची बस दिवसातून मोजक्या वेळांना होती. नवऱ्याने तीनदा घड्याळ पाहिले आणि मग भाजीपाला स्वयंपाकघराच्या पायरीवर ओतून रिकामी गोणी घडी करून काखेत मारली. ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "चला." पिठाचा डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमने नियमाप्रमाणे विचारले, "काकू, वस्तूंची पावती करू का?"

"पावती? मी काय इकाया आले व्हते का?"

फोटो झाल्यावर तिघी फाटकापर्यंत धावत आल्या. रस्त्यावर कोणी नव्हते.

बाई मुंबईहून परतल्या आणि त्यांना हे कळले. त्या मॅडमवर रागावल्या नाहीत. पुढच्या रविवारी जीप भाड्याने घेऊन, तिघींना बरोबर घेऊन त्या गावाला गेल्या आणि मलाही नेले. बाईंना वाटत होते की माणसे तीच आहेत, जागा बदलली तर काय बिघडते. तिथे पोचेपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

अंगणात जाऊ होती, दीर होता, शेजारपाजारचे लोक जमले. मुक्या पोरी आल्या म्हणून मुले भिंतीवर चढून बसली. आईने आम्हाला चटईवर बसवले, पोहे केले, चहा दिला. तिघी खुणांनी भराभर बोलत होत्या. त्या रागावल्या आहेत, फोटोच्या दिवशी आम्हाला सोडले नाही असे सांगताहेत, हे बाईंनी मला समजावले. आई त्यांच्याकडे बघून मान हलवी आणि तोंडाने उत्तर देई. "हो गं. खा. घे अजून." तिचे हात पदरात होते. मग सुरगाण्याच्या मुलीने हनुवटीला बोट लावून फिरवले. भिंतीवरच्या एका पोराने लगेच तसेच करून दाखवले आणि सगळी पोरे हसली. जाऊ म्हणाली, "आमच्या घरात बी व्हतं हे नाटक, लय दिस." आई साखर आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

निघताना बाईंनी तिला जीपजवळ बाजूला घेतले. "चूक आमची झाली. पुढच्या पंचमीला या. स्वयंपाकघर तुमच्यासाठी मोकळं ठेवते, मी स्वतः असेन."

"या तिघी नसतील ना पन?"

"नाही. त्या घरी गेलेल्या असतील."

"तिला पाहिलेलं दुसरं कोन हाय तिथं?"

बाईंनी विचार केला. त्या खोटे बोलू शकल्या असत्या. "मुलींत कोणी नाही, खालच्या वर्गांतल्या सगळ्या नंतर आलेल्या," त्या म्हणाल्या. "मी आहे."

"तुमी हाय," ती म्हणाली. "बघू."

 परतल्यावर आठवड्याभरात बाईंनी इंजिनियरला ईमेल केली. किती देणगीदार तिथी पाळतात, असे त्याने विचारले. संख्या कळल्यावर, एवढ्यासाठी बदल करावा का, असेही विचारले. बाईंनी करावा म्हणून लिहिले आणि त्याने केला. काही महिन्यांनी प्रोग्राममध्ये तिथीचा रकाना आला. तो व्यवस्थित चालतो. इतर एक-दोन संस्थांनीही तो घेतला असे त्याने कळवले होते. वस्तुरूप देणगीचीही सोय झाली, आता एक रुपया लिहावा लागत नाही.

पुढच्या वर्षी पंचमीचा चौकोन लाल होता. बाईंनी कुठलीही बैठक ठेवली नव्हती. स्वयंपाकघर सकाळपासून उघडे होते, परात आणि तवा घासून ठेवलेला होता. दहाच्या सुमाराला नवरा आला, एकटाच, गोणी घेऊन. वांगी निवडक होती, देठासकट.

"त्या नाही आल्या?" बाईंनी विचारले.

"नाय. माल दिऊन या म्हनली." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "मी लय सांगितलं, चल म्हनलं, बाईंनी बोलावलंय. ती म्हनली, तिथं जाऊन आता बोलू काय अन् कोनासंग."

स्वयंपाकीणबाईंनी भाजी केली, भाकरी केल्या. बाईंनी त्याला वाढायला सांगितले. तो संकोचाने रांगेतून फिरला, प्रत्येकीच्या ताटात थोडी जास्तच भाजी घालत. सातवीतल्या एका मुलीने त्याची बंडी ओढली आणि हाताने काही विचारले. तो माझ्याकडे वळला.

"काय म्हनती ती?"

मला खुणा येत नव्हत्या. मी बाईंकडे पाहिले.

"तुम्ही कोण, ते विचारते आहे," बाई म्हणाल्या.

त्याने भाजीचे पातेले दुसऱ्या हातात घेतले आणि तो पुढच्या ताटाकडे गेला.